बाईंचा अंगठा

"दोन्ही एकच होते," चष्म्याचा नंबर काढणारा माणूस यंत्राच्या मागून म्हणाला.

आवाजात राग नव्हता, चिडवणंही नव्हतं. शर्टाचं बटण उघडं राहिलंय असं कुणी हळूच सांगावं, तसं त्याने सांगितलं. खोलीत अंधार होता. तिच्या नाकावर ते जड यंत्र टेकलेलं, हनुवटी पट्टीवर, आणि समोरच्या भिंतीवर उजळलेल्या चौकोनात अक्षरांच्या ओळी. बराच वेळ तो भिंगं फिरवत होता, टक्‌ असा आवाज होत होता, आणि तो विचारत होता, हे बरं की हे? आता? हे की हे? ती पटापट सांगत होती. पहिलं. दुसरं. दुसरं. पहिलं. पटापट सांगणारी माणसं त्याला आवडत असावीत असं तिला वाटलं, म्हणून ती आणखीच पटापट सांगायला लागली होती. पण नंबर काही केल्या जागेवर येईना. एक उत्तर त्याला पूर्वेला नेई, तर दुसरं पश्चिमेला. शेवटी त्याने तेच भिंग दोनदा दाखवलं, मध्ये नुसतं टक्‌ केलं, आणि ती म्हणाली, दुसरं, दुसऱ्यात अक्षरं जरा ठळक दिसतात. मग तो म्हणाला ते म्हणाला. वर तिची समजूतही घातली. खूप लोकांचं असं होतं, परीक्षेला बसल्यासारखी उत्तरं देतात, त्यात विशेष काही नाही. "इथे बरोबर-चूक काही नसतं, ताई. तुम्हाला काय दिसतं तेवढं सांगायचं." हे वाक्य ऐकलं आणि वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी ती शाळकरी मुलीसारखी ताठ बसली. तिने खुर्चीचे हात घट्ट धरून ठेवले.

त्याने डोळ्यांत थेंब घातले. बाहुल्या मोठ्या होतील, मग दुसऱ्या यंत्रावर नंबर कळेल, तरी शेवटी तुम्हाला विचारावं लागेलच, असं म्हणून त्याने तिला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि तिचा जुना चष्मा तपासायला आत ठेवून घेतला. बाक गार होतं. हळूहळू सगळं विरघळायला लागलं. भिंतीवरचं घड्याळ म्हणजे एक पांढरा डाग, कुंडीतलं झाड म्हणजे हिरवा डाग, आणि काउंटरवरच्या मुलीच्या मानेवर चेहरा आहे एवढंच कळत होतं. मुलीने विचारलं, पाणी हवंय का. ती हो म्हणाली, मग नको म्हणाली, मग मुलगी गप्प राहिली म्हणून चालेल म्हणाली. आपल्याला तहान लागली आहे की नाही हे तिने पाहिलंच नव्हतं. मुलीच्या मनात पाणी आणायचं आहे की विचारायचं म्हणून विचारलंय, ते चेहऱ्यावरून वाचता येत नव्हतं, हीच सगळी पंचाईत होती. पाणी आलं. तिने ते ग्लासभर पाणी एका दमात पिऊन टाकलं, न जाणो, मुलीला वाईट वाटायचं.

खरं तर आज इथे चुकून चालणार नव्हतं. ती एका मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी बोलून ठेवलेले अहवाल टाइप करायची. कानावर हेडफोन, पायाखाली आवाज थांबवायचं आणि मागे न्यायचं पॅडल, बोटं आपोआप चालत. एकेका डॉक्टरचा श्वास तिला पाठ होता. हाडांचे डॉक्टर 'परंतु' म्हणायच्या आधी जीभ टाळूला लावतात, पोटाच्या डॉक्टरीणबाई वाक्य बदलायच्या आधी खुर्चीत सरकतात. ती बदल होण्याआधीच थांबलेली असे. कचेरीत तिचा लौकिक होता की हिचा कान तयार आहे. हे ऐकलं की ती हसायची आणि विषय बदलायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण गेल्या आठवड्यात एका औषधाच्या आकड्यातलं दशांशचिन्ह तिला पडद्यावर दिसलंच नाही आणि मात्रा दहापट झाली. वॉर्डातल्या परिचारिकेने ती वेळीच पकडली, कुणाला काही झालं नाही. कचेरीचे प्रमुख भला माणूस, त्यांनी आवाजही चढवला नाही. चष्मा नीट करून घ्या म्हणाले, नाहीतर मला तुम्हाला तळघरात फायली लावायला बसवावं लागेल. तळघर तिने पाहिलेलं होतं. तिथे कुणीच बोलत नसे, ऐकायला काही नसे, आणि ऐकायला काही नसलं की ती कोण उरते हा विचारही तिला सोसवत नव्हता. म्हणजे आज उत्तरं बरोबर यायला हवी होती, आणि हा माणूस म्हणत होता की बरोबर-चूक काही नसतं.

बाकावर बसून, मिटल्या डोळ्यांनी, तिने आत काय झालं ते पुन्हा ऐकून पाहिलं. हेडफोनमधला आवाज मागे न्यावा तसं. तेव्हा तिला कळलं की अक्षरांकडे तिने पाहिलंच नव्हतं. समोर अक्षरं होती, डोळे उघडे होते, पण ती ऐकत होती त्याला. 'हे बरं' जरा वर जायचं आणि 'की हे' खाली बसायचं. जिथे त्याचा आवाज खाली बसला तिथे तिने होकार ठेवला होता. त्याचं स्टूल करकरलं की तो पुढे वाकलाय, म्हणजे त्याला हे उत्तर हवंय. एकदा त्याने नाक ओढलं तर तिने उत्तर बदललं होतं. बिचाऱ्याला सर्दी असेल. इतका वेळ ती त्याचाच नंबर काढत होती. या विचाराने तिला हसू आलं आणि येता येता विरलं, कारण हे आजचं नव्हतं. 'इथे बरोबर-चूक काही नसतं' हे वाक्य बाईंचं होतं. शब्दन्‌शब्द.

"इथे बरोबर-चूक काही नसतं. तुला काय ऐकू येतं ते सांग." ती तेव्हा आठ वर्षांची होती. व्हायोलिन शिकवणाऱ्या बाई तिसऱ्या मजल्यावर राहत. जिन्याला लाकडाच्या पॉलिशचा वास, खाली मोटारी दुरुस्त करणाऱ्याचं अंगण, त्याच्या हातोडीचा आवाज खिडकीतून खोलीत येऊन बसलेला असे. खोलीत एक लोखंडी स्टँड, बाईंची वेताची खुर्ची, आणि मुलाने उभं राहायचं ती खिडकीजवळची जागा, जिथली फरशी पायांनी गुळगुळीत झाली होती. आई बाहेरच्या खोलीत मासिक चाळत बसे. बाई उंच, हडकुळ्या, केस आखूड कापलेले. त्यांच्या उजव्या हाताचं एक बोट वाकडं होतं. लहानपणी त्यांचे काका त्यांना शिकवायचे आणि सूर चुकला की व्हायोलिनच्या तारांवर ओढायच्या गजाची काठी बोटांवर बसायची. तेव्हाच बाईंनी ठरवलं होतं की आपण शिकवू तेव्हा मुलाला 'चुकलं' असं कधी म्हणायचं नाही. हे आईला कुणीतरी सांगितलं होतं आणि आई ते सगळ्यांना सांगत फिरायची. तिथे मारत नाहीत, ओरडत नाहीत, विचारतात. बाईंचं प्रत्येक वाक्य 'काय'पासून सुरू होई म्हणून घरात त्यांचं नाव कायबाई पडलं होतं. काय वाजलं? काय राहिलं? काय हवंय त्या सुराला? वडील थट्टेने म्हणायचे, इतकं माझ्या साहेबांनी मला विचारलं असतं तर मी कधीच नोकरी सोडली असती. पण बाई भल्या होत्या. हे तिला आज, डोळ्यांत थेंब घेऊन बसल्यावरही, मान्य करावं लागत होतं. भल्या नसत्या तर कुणाला तरी दोष देता आला असता.

व्हायोलिनच्या मानेवर खुणा नसतात. बोट कुठे टेकायचं हे कुणी लिहून ठेवलेलं नसतं. केसभर अलीकडे-पलीकडे झालं की सूर बिघडतो. दुसरे शिक्षक लहान मुलांसाठी तिथे रंगीत चिकटपट्ट्या लावतात. बाईंना पट्ट्यांचा तिटकारा होता. पट्टी लावली की डोळे वाजवतात आणि कान झोपतो, असं त्या म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी तिच्या हाताने मोकळ्या तारेवर गज ओढवला, लांब, टोकापर्यंत, आणि विचारलं, "हा सूर जेवलेला आहे की उपाशी?" असला प्रश्न तिला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. तिने पुन्हा गज ओढला. तो सूर जाड होता, उबदार होता, पण त्याच्या कडेला काहीतरी कुरकुरत होतं. ती म्हणाली, "जेवलाय. पण त्याला झोपेतून उठवलंय." बाई म्हणाल्या, "हो?" आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. घरात आईच्या भुवया वर गेल्या म्हणजे दूध सांडलेलं असे, नाहीतर प्रगतिपुस्तक सापडलेलं असे. ती घाईघाईने म्हणाली, "नाही, उपाशी." "उपाशी? मग आधी जेवलेला का वाटला?" तिने गज खाली घेतला. बाई थांबल्या. बाईंचं ते थांबणं. त्या हात मांडीवर ठेवून, मान किंचित कलती करून, अगदी मायेने थांबत. घाई नाही, कपाळावर आठी नाही. हातोडीचे घाव पडत राहिले, बाहेर आईने मासिकाचं पान उलटलं, आणि आठ वर्षांच्या मुलीला वाटलं की या खोलीत एक उत्तर कुठेतरी ठेवलेलं आहे, सगळ्यांना दिसतंय, आपल्यालाच दिसत नाही. काठी बसली असती तर रडून मोकळं होता आलं असतं.

मग तिने शोधायला सुरुवात केली. लबाडी करावी असं तिच्या मनात कधी आलं नाही; अंधारात हात भिंतीकडे जातोच, तशी तिची नजर बाईंकडे गेली. आधी चेहरा धुंडाळला, पण चेहऱ्यावर बाईंचा ताबा होता, त्या दिवसानंतर भुवयाही फारशा हलल्या नाहीत. हात मांडीवर निपचित. श्वास कधी सापडे, कधी नाही. आणि एक दिवस, सुरापर्यंत पोचतच नव्हतं ते बोट तारेवर सरकवता सरकवता तिने लाजून मान खाली घातली, तेव्हा तिला बाईंचा अंगठा दिसला. बाई घरात पुढून उघड्या सपाता घालत. उजव्या पायाचा अंगठा वर उचललेला होता. तिने बोट जरासं पुढे सरकवलं. अंगठा आणखी उचलला गेला. तिने बोट मागे घेतलं, मागे, मागे, आणि अंगठा खाली टेकला. "पोचलं का बोट घरी, की वाटेतच थांबलंय?" बाईंनी विचारलं. "पोचलं," ती म्हणाली. बाईंच्या तोंडून 'अं' असा एक सुखाचा आवाज निघाला. त्या दिवशी जिना उतरताना ती दोन-दोन पायऱ्या उड्या मारत उतरली. आईने विचारलं तर म्हणाली, मला ऐकू आलं. आईने तिला तिथेच जिन्यात जवळ घेतलं.

त्यानंतर तिचं शिकणं धावू लागलं. मान खाली घालून वाजवणारी ती मुलगी किती तल्लीन होते, असं बाई म्हणायच्या. बाईंना स्वतःच्या अंगठ्याचा पत्ता नव्हता; काकांच्या काठीच्या दिवसांत सूर चुकला की अंग चोरायची सवय लागली असेल, ती बाकी सगळीकडून गेली आणि पायात राहिली असेल. हा तर्क तिचा आत्ताचा. तेव्हा तिला कशाचं काय पडलं होतं? अंगठा उचलला की बोट हलवायचं, टेकला की थांबायचं. अडचण एकच होती. बाई तेवढ्यावर सोडत नसत. "कसं कळलं तुला?" असं त्या विचारत, आणि आता त्यांच्या आवाजात भूक असे, खरीखुरी. अंगठा म्हणायची सोय नव्हती. म्हणून ती रचून सांगायला लागली. तार बोटाला गुदगुल्या करते. सूर आधी पाय ओढत चालत होता, आता नीट चालतो. खोली मोठी झाल्यासारखी वाटली. बाई डोळे मिटून घेत, ती उत्तरं हळूच स्वतःशी म्हणत, दुसऱ्या मुलांच्या आयांना सांगत. आणि तिला लवकरच कळलं की खोटी उत्तरं खऱ्या उत्तरांपेक्षा नेहमी देखणी असतात. तो पहिल्या दिवसाचा झोपेतून उठवलेला सूर किती वेडावाकडा होता. घरी मात्र अंगठा नव्हता. घरी बोट ठेवलं की कुठे थांबायचं ते कळेना, म्हणून ती दार लावून नुसत्या मोकळ्या तारा वाजवत बसायची, ज्यांना बोट लागत नाही. गज वर, गज खाली. वडील म्हणाले, ही करवत कधी संपणार? आई म्हणाली, तिला ऐकू द्या.

काउंटरवरच्या मुलीने येऊन विचारलं, ताई, त्रास होतोय का, डोळ्यांतून पाणी येतंय. ती म्हणाली, थेंबांचं आहे. त्रास होतोय का, असं तिच्या नवऱ्यानेही एकदा विचारलं होतं. तो वाईट नव्हता. वर्षानुवर्षं त्याने तिला विचारलं की खिडक्यांना पडदे कुठले लावायचे, मूल आणखी एक हवंय का, इथे राहायचं की दुसऱ्या शहरात जायचं, आणि वर्षानुवर्षं तिने त्याच्या खांद्यांकडे, त्याच्या चहाच्या कपावरच्या बोटांकडे पाहून उत्तर दिलं, आणि ते दर वेळी त्याला हवं तेच निघालं. लोकांना वाटे काय जोडपं आहे. तिला सोडून जाताना तो भांडलासुद्धा नाही. म्हणाला, "तुला काही विचारलं की मला माझंच उत्तर परत मिळतं, घडी घालून." मग त्याने विचारलं, मी जाऊ का? तिने त्याच्या पायांकडे पाहिलं. ती म्हणाली, जा. मुलगा आता मोठा झालाय, लांब राहतो, फोनवर आधी तिची तब्येत विचारतो, आणि त्याच्या 'बरी आहेस ना?'मधला तो 'ना' ऐकून ती बरी असते.

शाळेच्या सभागृहात बाईंच्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम ठरला तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि तिला सगळ्यांत शेवटी ठेवलं होतं, म्हणजे मानाच्या जागेवर. आईने तिचे केस इतके घट्ट बांधले की भुवया ताणल्या. मंचावर दिवे होते, पण पहिली रांग दिसत होती. बाई मधोमध बसल्या होत्या, मान कलती, हात मांडीवर. तिने गज तारेवर ठेवला, पहिलं बोट टेकलं, आणि सवयीने खाली पाहिलं. बाईंनी बूट घातले होते. काळे, बंद, पुढून गोल, पॉलिश केलेले. बाहेर जायचं म्हटल्यावर कुणीही बूट घालणारच, पण हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने वाजवलं. न वाजवून सांगते कुणाला? बोटं सवयीच्या जागी पडत गेली, किंवा शेजारी, किंवा भलतीकडेच, तिला कळलं नाही. हे लोकांना कधी समजणार नाही असं तिला वाटे. वाईट वाजलं असतं तर ते दुःख तरी तिचं झालं असतं. तिला वाईटही ऐकू आलं नाही. गज हलत होता, आवाज येत होता, आणि तो आवाज चांगला होता की वाईट हे, सभागृहातल्या सगळ्यात मागच्या खुर्चीवरच्या झोपाळू आजोबांनाही जे माहीत होतं ते, एकट्या तिलाच माहीत नव्हतं. टाळ्या पडल्या. लहान मुलांना टाळ्या पडतातच. खाली उतरल्यावर तिने आईच्या तोंडाकडे पाहिलं, तर आई बाईंच्या तोंडाकडे पाहत होती. बाई समोर आल्या, गुडघ्यावर बसल्या, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि विचारलं, "कसं वाजलं?" तिने पुन्हा त्या बुटांकडे पाहिलं. बाई थांबल्या. माणसं उठून निघून गेली, शिपाई खुर्च्या उचलायला लागला, आणि बाई गुडघ्यावर तशाच थांबलेल्या, मायेने. शेवटी आईच म्हणाली, दमली असेल हो.

पुढच्या वेळी जिना चढताना तिचे पाय जड झाले होते. बाईंनी व्हायोलिन उघडू दिलं नाही. समोर बसवलं आणि पुन्हा तेच विचारलं, कसं वाजलं? त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. चूक दाखवायची नव्हती. ज्या मुलीला तार गुदगुल्या करते तिला त्या दिवशी काय झालं, हे कळल्याशिवाय त्यांना चैन नव्हतं. आणि तिने, दहा वर्षांच्या मूर्ख मुलीने, त्या खोलीत आल्यापासूनचं दुसरं खरं उत्तर दिलं. ती म्हणाली, "तुम्ही बूट घातले होते." बाईंना कळेना. मग तिने बोटाने दाखवलं. बाईंनी खाली पाहिलं, स्वतःच्या सपातांकडे. अंगठा उचललेला होता. बाई त्याच्याकडे खूप वेळ पाहत राहिल्या, तो हळूहळू खाली टेकेपर्यंत. त्यांचं तोंड म्हातारं झालं. "म्हणजे इतके दिवस," त्या म्हणाल्या आणि थांबल्या, आणि हे थांबणं नेहमीचं नव्हतं, याला पुढे प्रश्न नव्हता. त्या उठल्या, आतून एक घोंगडी आणली आणि पायांवर अंथरून बसल्या. मग म्हणाल्या, वाजव. तिने बोट ठेवलं. घोंगडी हलली नाही. तिने बोट पुढे नेलं, मागे नेलं. पुढेही काही महिने ती जात राहिली, बाई घोंगडी पांघरून बसत, काहीही विचारत नसत, कारण विचारलं की आवाजातून काही सांडेल ही भीती आता त्यांनाही होती. दोघी एकमेकींना घाबरून बसत. तिचं वाजवणं बिघडत बिघडत एक दिवस थांबलं. आईने व्हायोलिन पलंगाखाली सारलं आणि नातेवाइकांना सांगितलं, अभ्यास वाढला.

थेंब पुरते भिनले होते. डोळे मिटून ती बाकावर बसली होती, आणि अशा वेळी मनात येऊ नये ते आलं. तो पहिला 'हो?'. पहिल्या दिवसाचा. इतकी वर्षं डॉक्टरांचे आवाज ऐकून तिचा एवढा तरी अभ्यास झाला होता. तिने तो 'हो?' मागे नेऊन पुन्हा लावला. तो शेवटी वर जात होता, पण टोकाला मऊ होत होता. नाराजीचा 'हो' असा जात नाही. नाराजीचा 'हो' मध्येच तुटतो. हा 'हो?' आश्चर्याचा होता. बाई खूश झाल्या होत्या. आठ वर्षांची एक मुलगी दारातून आली आणि पहिल्याच गजाला म्हणाली की सूर जेवलाय पण झोपेतून उठवलाय, आणि बाईंना त्यात काहीतरी दिसलं, जे ऐकायला त्या आयुष्यभर थांबल्या होत्या, म्हणून भुवया वर गेल्या. म्हणजे तेव्हा तिला ऐकू येत होतं. एवढ्याचसाठी, त्या भुवयांसाठी, तिने ते टाकून दिलं. हे तिला अडतीस वर्षांनी, गार बाकावर, जिभेवर चव यावी तसं स्पष्ट कळलं आणि त्याचं काय करायचं ते मात्र कळलं नाही. बाई जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती.

आतून हाक आली. ती भिंतीला हात लावत गेली. पुन्हा खुर्ची, हनुवटीची पट्टी, नाकावर यंत्र. तो म्हणाला, नंबर जवळजवळ मिळालाय, आता एकच बघायचंय, घाई करू नका. टक्‌. "हे, की हे?" तिने ठरवलं होतं. त्याचा आवाज ऐकायचा नाही. तिने दात आवळले आणि अक्षरांकडे पाहिलं, नुसत्या अक्षरांकडे. "पुन्हा दाखवा," ती म्हणाली. असं ती कुणाला म्हणाली नव्हती कधी. त्याने पुन्हा दाखवलं. दुसऱ्या भिंगात अक्षरं काळी होती, पण आखडून बारीक झाली होती, डोळ्याला कुणीतरी मागून ओढत होतं. पहिल्यात ती फिकट होती, कडेला जरा सुटलेली, पण डोळा खाली बसत होता. खरोखर खाली बसत होता. हे तिला दिसलं, आणि आपल्याला दिसतंय हेही दिसलं, आणि तिच्या अंगावर काटा आला.

"पहिलं," ती म्हणाली.

तिकडून काहीच आलं नाही. पेनाचा आवाज नाही, स्टूल करकरलं नाही, तो 'बरं' म्हणाला नाही. तिचा शब्द अंधारात एकटा उभा राहिला. ती थांबली. उत्तर बरोबर होतं, तिला माहीत होतं, आयुष्यात पहिल्यांदा तिला पक्कं माहीत होतं, आणि तरी तिच्या मानेवर घाम फुटला. तो अजून गप्पच. कुणी इतका वेळ गप्प बसतं ते उगाच नाही. तळघर आठवलं, दशांशचिन्ह आठवलं.

"नाही, नाही. दुसरं," ती म्हणाली. "दुसरंच."

स्टूल करकरलं. तो टेबलाखालून वर आल्यासारखा आवाज आला. "माफ करा हं ताई, पेन खाली पडलं होतं, माझं लक्षच नव्हतं. काय म्हणालात तुम्ही? दुसरं ना?"

तिने तो 'ना' ऐकला.

"हो, दुसरं," ती म्हणाली. त्याने ते लिहून घेतलं, आणि त्याच्या आवाजातला निवांतपणा ऐकून तिलाही बरं वाटलं.